विटेचा कर्ता

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आजवर लिहिलं ते परीक्षेत नाहीतर प्रयोगशाळेत. कर्तेकाकांवर लिहायला ह्यूस्टनकडे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारी माणसं आहेत. मी वर्षभर वाट पाहिली, कुणी लिहिलं नाही. म्हणून मीच लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

कर्ते हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव मंडळात फार थोड्यांना माहीत असेल. कुणी कर्ता गाळून वाक्य बोललं की त्यांना राहवायचं नाही, म्हणून ते नाव पडलं होतं. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणायचं, "अरे, हॉल कॅन्सल झालाय." काका कोपऱ्यातून विचारायचे, "हॉल आपोआप कॅन्सल होतो का? कोणी केला? कर्ता कोण?" मग जो फोन करायला विसरलेला असायचा तो हळूच हात वर करायचा. बायका म्हणायच्या, "काका, आमटी जरा खारट झालीय हं." काका पान पुढं करत म्हणायचे, "झाली की केली? वाढा, खातो मी. पण कर्ता कळू दे."

हे वळण त्यांच्या वडिलांकडून आलेलं. वडील साताऱ्याकडे शाळेत मराठी शिकवायचे. लहानपणी काका एकदा घरी येऊन म्हणाले होते, "दादा, शाळेची खिडकी फुटली." वडिलांनी शांतपणे फळ्यावर 'खिडकी फुटली' असं लिहिलं आणि म्हणाले, "खिडकीला स्वतःहून फुटताना मी कधी पाहिलं नाही. कर्ता घाल." काका सांगायचे, "तो कर्ता घालायला मला दुपारभर लागलं. पण एकदा घातला आणि सुटलो बघ. रात्री जेवण गेलं."

माझी त्यांची ओळख झाली ती मंडळाच्या गणपतीत. मी नुकताच शिकायला आलो होतो, माझ्याकडे गाडी नव्हती, आणि मला विद्यापीठापर्यंत कोण सोडणार असा प्रश्न होता. काका म्हणाले, "मी सोडतो. तसं मला लांब जायचंय. माझं गाव काउंटी सीट आहे." मी अंग चोरून उभा होतो. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "सीट? फ्री की पेमेंट?"

आमच्या वेळी इंजिनिअरिंगला दोनच प्रकारच्या जागा असायच्या. ज्याला फ्री सीट लागली तो शिकला, नाही लागली तो परत गावी गेला. सीट या शब्दाचा मला तेवढाच अर्थ माहीत होता. आजूबाजूचे हसले. काका हसले नाहीत. गाडीत बसल्यावर त्यांनी समजावलं, "काउंटी म्हणजे आपला जिल्हा धर. जिथं कोर्ट, तुरुंग आणि खजिना, ते काउंटी सीट. जिल्ह्याचं ठिकाण. आणि प्रश्न तू बरोबर विचारलास. आमच्या गावाला ही सीट फुकट नाही मिळाली. कुणीतरी पेमेंट केलंय." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय रे फ्री सीट, जेवलास का?" असंच विचारायचे.

त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यांनी मला प्रेमानं खाऊपिऊ घातलेलं आहे. ब्राझोस नदीच्या काठावरचं, पिकानच्या झाडांचं, कापसाच्या सपाट शेतांमधलं छोटं गाव. काकांनी तिथं काउंटीच्या रस्ते खात्यात इंजिनिअर म्हणून नोकरी केली, तिथंच निवृत्त झाले. काकू तिथंच वारल्या. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला, सॉफ्टवेअरमध्ये. तो सारखा म्हणायचा, "बाबा, इकडे या." काका म्हणायचे, "येतो, एवढं एक काम संपलं की." माझं संशोधन चिकणमातीवर होतं आणि त्या नदीकाठी ती भरपूर. त्यामुळे नमुने आणायच्या निमित्तानं मी त्यांच्याकडे वरचेवर जाऊ लागलो.

गावाचा सुरुवातीचा इतिहास काकांना पाठ होता आणि तो ते घरच्या भानगडी सांगाव्यात तसा सांगायचे. पहिलं कोर्ट एका ओकच्या झाडाखाली भरायचं, न्यायाधीश पिंपावर बसायचा. मग लाकडी कोर्ट झालं. पण नदीपलीकडे दुसरी वस्ती होती आणि तिलाही काउंटी सीट व्हायचं होतं. कोर्ट जिथं, बाजार तिथं, जमिनीला भाव तिथं. दोन्ही गावं एकमेकांच्या जिवावर उठली होती. काका म्हणायचे, "लाकडाचं कोर्ट काय, ओंडक्यांवर घालून बैलांनी ओढत पलीकडे नेता येतं. तशी धमकीच होती. म्हणून ह्या लोकांनी घाईघाईनं विटांचं कोर्ट बांधलं. विटांची इमारत पळवता येत नाही. पलीकडचं गाव थकलं, हळूहळू विरून गेलं. आता तिथं नुसतं दफनभूमीचं कुंपण आहे. म्हणजे हे गाव टिकलं कशामुळं? विटांमुळं." आणि मग थोडं थांबून, "आता मला सांग. विटा कोणी पाडल्या?"

हे त्यांना माहीत होतं. गावातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. यादवी युद्धाच्या आधीची गोष्ट. नदीकाठच्या मळ्यांवर गुलाम होते, त्यांना विटा पाडायला लावलं होतं. पण गावाच्या माहितीपत्रकात, आताच्या कोर्टाच्या भिंतीवरच्या चित्राखाली, शाळेतल्या मुलांना वाटायच्या कागदात, सगळीकडे एकच वाक्य होतं. काकांनी ते मराठीत करून मला ऐकवलं, "'विटा जवळच तयार करण्यात आल्या.' बघ. आपली कचेरीतली भाषा इथपर्यंत आली की नाही? करण्यात आल्या! माती आपण होऊन साच्यात बसली, आपण होऊन भट्टीत गेली."

गावाच्या वर्धापनासाठी तिथल्या इतिहास समितीनं त्या पहिल्या विटांच्या कोर्टाच्या जागी ब्रॉन्झची पाटी बसवायचं ठरवलं होतं. जुनी इमारत कधीच पाडलेली, तिथं आता गाड्या लावतात. काका समितीचे सभासद होते. त्यांना पाटीवर एकच वाक्य हवं होतं: 'या विटा गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मुलांनी पाडल्या.' हेच ते काम. ते झालं की बॉथेलला जायला ते तयार होते.

'मुलांनी' हा शब्द त्यात माझ्यामुळं आला. काकांच्या दिवाणखान्यात दाराला अडसर म्हणून एक जुनी वीट असायची. रस्ता रुंद करताना सापडलेली, त्या कोर्टाची. पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी ती सवयीनं उचलली. कडेला चार बोटांचे ठसे होते, खोल, भाजून पक्के झालेले. मी माझी बोटं त्यात ठेवून पाहिली. बसली नाहीत.

"काय बघतोस?" काकांनी विचारलं.

"काका, ही मोठ्या माणसाची बोटं नाहीत. पोराची आहेत. वीट ओली असताना उन्हात पसरतात, मग पोरं ती उलटून उभी करतात, दुसरी बाजू वाळायला. तेव्हा अशी बोटं उमटतात."

"तुला कसं माहीत?"

"माझे आईवडील वीटभट्टीवर आहेत, काका. आम्ही भावंडं हेच करायचो. नांदेडकडून दिवाळीनंतर निघायचं ते पाऊस पडेपर्यंत भट्टीवर. माझ्या बोटांच्या विटा कुणाकुणाच्या घरात असतील."

काका उठून माझ्याजवळ आले. मग वीट माझ्या हातातून घेऊन त्यांनी ती दाराशी न ठेवता फडताळात काकूंच्या फोटोशेजारी ठेवली. "म्हणजे कर्ता लहान होता," एवढंच म्हणाले.

या कामात त्यांच्या बाजूनं एकच व्यक्ती होती, मिसेस ओपल. शाळेत ग्रंथपाल होत्या, काकांच्या मुलाला लहानपणी पुस्तकं द्यायच्या. काळ्या, उंच, फार कमी बोलणाऱ्या. त्यांची आजी म्हणायची की त्या कोर्टाच्या विटा आपल्या माणसांनी केल्या. नावं कुणालाच ठाऊक नव्हती, एवढं एक वाक्य मात्र घरात चालत आलं होतं. समितीत त्यांना कधी बोलावलं नव्हतं आणि त्याही गेल्या नव्हत्या. काकांचं आडनाव गावात कुणाला उच्चारता यायचं नाही, सगळे 'मिस्टर के' म्हणायचे. काका तावातावानं काही सांगू लागले की त्या चहा ओतत म्हणायच्या, "मिस्टर के, ते लोक तुमच्याशी गोडच वागतील. तुम्ही मरेपर्यंत गोड वागतील." काका म्हणायचे, "मग मी मरणं लांबवतो." त्या हसायच्या, पण डोळ्यांनी नाही.

त्या म्हणाल्या तसंच होत गेलं. प्रत्येक बैठकीत काकांचं वाक्य ऐकून घेतलं जायचं. अध्यक्षबाई स्वभावानं खरंच चांगल्या होत्या. काकू आजारी असताना त्या रोज डबा पाठवायच्या. त्या म्हणायच्या, "तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे. फक्त वर्धापनाच्या दिवशी कुणाला वाईट वाटायला नको." आणि टिपणात यायचं, 'सूचनेवर विचार करण्यात येईल.' काका घरी येऊन म्हणायचे, "कोण करणार रे विचार? कर्ता कोण?"

एकदा त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी भीतभीत विचारलं, "काका, सोडून का नाही देत? तुमचं काय अडलंय त्यात?" गाडी चालवत होते. म्हणाले, "तुझी काकू गेली तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, आजार पसरला. लोक म्हणाले, काकू गेल्या. मी गप्प. तिच्या बाबतीत कर्ता शोधत बसलो असतो तर वेडा झालो असतो. काही वाक्यांना कर्ता नसतो, ते मुकाट्यानं मान्य करावं लागतं." पुढं नदीवरचा पूल आला, तो ओलांडेपर्यंत थांबले. "पण विटेला असतो. असताना गाळायचा म्हणजे काय?"

शेवटी त्यांनी मला बैठकीला नेलं. आताच्या कोर्टाच्या तळघरातली खोली, भिंतीवर जुन्या शेरीफांचे फोटो, टेबलावर केक आणि बर्फाचा चहा. काकांनी वीट मधोमध ठेवली आणि म्हणाले, "माझा हा तरुण मित्र सांगेल." मी उभा राहिलो. माझं इंग्रजी तेव्हा अडखळत होतं. मी माझ्या आईवडिलांचं सांगितलं, वीट कशी उलटतात ते हातानं करून दाखवलं, आणि म्हटलं, हे ठसे आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे असावेत.

सगळे पुढं वाकून वीट बघू लागले. मला वाटलं, जिंकलो.

मग एक आजोबा हळहळून म्हणाले, "म्हणजे तुमच्या देशात अजून मुलांना असं राबवतात?" मी म्हटलं, हो, काही ठिकाणी. अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. एकीनं विचारलं, तिकडच्या मुलांसाठी काही पाठवता येईल का. दुसरी म्हणाली, आमचं चर्च वह्यापुस्तकं गोळा करतं. उरलेला सगळा वेळ भारतातल्या मुलांवर गेला. वीट टेबलावर तशीच होती. कुणीतरी तिच्यावर हातपुसणं ठेवलं.

परतताना काका गाडीत म्हणाले, "सापडला बाबा कर्ता. पण तुझ्या देशात." मी म्हटलं, "काका, मी बोलायलाच नको होतं." ते एकदम चिडले. मी त्यांना तेवढं एकदाच चिडलेलं पाहिलं. "तू खरं तेच बोललास. त्यांनी ते लांब नेऊन ठेवलं. क्रिया कुणाची आहे ती नीट बघ आणि दुसऱ्याची स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस." घरी गेल्यावर त्यांनी मला पिठलं करून घातलं. कच्चट राहिलं होतं. स्वतःच म्हणाले, "मी बिघडवलं."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. मिसेस ओपलनी फोन केला. मी पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते, उजवा हात गेला होता, आणि वाचाही निम्मी गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, नावं आठवणार नाहीत. माणसांची, वस्तूंची, गावांची. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, ओठ हलले, पण 'फ्री सीट' काही येईना. "आला... आला," एवढंच म्हणाले. क्रियापदं तेवढी राहिली होती. दिलं, नेलं, आणलं, बसवली. ज्या माणसानं जन्मभर कर्ता शोधला त्याच्या तोंडी आता एकाही वाक्यात कर्ता नव्हता. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो.

रोज ते मला एकच विचारायचे, "बसवली का?" मी नर्सला शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा तिला वाटलं, त्यांना उठून बसायचंय. मला कळायचं, ते पाटीबद्दल विचारताहेत.

"नाही, काका. अजून नाही."

"घातलं का?"

"वाक्य? बघतायत म्हणाले."

"कोण?" हा एक शब्द मात्र शेवटपर्यंत स्पष्ट यायचा.

मुलगा येऊन त्यांना बॉथेलला घेऊन गेला. त्याचा यात काही दोष नाही. गावात एकट्यानं राहणं काकांना शक्यच नव्हतं. घर रिकामं करताना तो पेट्या भरत होता आणि काका खुर्चीत बसून बघत होते. त्यानं वीट उचलून विचारलं, "बाबा, ही पण न्यायची? यार, विमानात वीट?" काकांनी डावा हात पुढं करून ती घेतली, मांडीवर ठेवली. मिसेस ओपल निरोप द्यायला आल्या होत्या. त्यांचं नाव उच्चारायचा काकांनी फार प्रयत्न केला. जमलं नाही. मग वीट त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "केली... केली..." मिसेस ओपलना मराठी कळत नाही. त्यांनी ठशांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "येस, मिस्टर के. आम्ही केली."

मी पदवी घेऊन सनीव्हेलला नोकरीला लागलो. समितीत काकांच्या जागी दुसरं कुणी आलं. दर रविवारी मी बॉथेलला फोन करायचो. मुलगा फोन त्यांच्या कानाला लावायचा. तिकडून श्वास ऐकू यायचा, मग "बसवली का?" मी म्हणायचो, "अजून नाही, काका." एकदा मनात आलं, हो म्हणून टाकावं, समाधान तरी वाटेल. पण लगेच त्यांनी "कोण?" विचारलं असतं, आणि त्यांच्याशी खोटं बोलायला मला जमलं नसतं. त्या रविवारीही मी नाहीच म्हटलं.

थंडीत ते गेले. मुलाचा फोन आला, "झोपेतच गेले रे." या वाक्याला कर्ता नव्हता, आणि काकांच्याच नियमानं मी तो शोधला नाही.

त्यानंतर वर्षभरानं, संध्याकाळी ऑफिसातून निघून मी स्टेशनवर कॅलट्रेनची, म्हणजे इकडच्या लोकलची, वाट बघत उभा होतो, तेव्हा मिसेस ओपलचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच सपाट. म्हणाल्या, "बसवली. आज कार्यक्रम झाला. बँड होता. मी आता पाटीसमोरच उभी आहे, तुला वाचून दाखवते."

त्यांनी सावकाश वाचलं. काउंटीचं पहिलं विटांचं कोर्टहाऊस या जागी उभं होतं. त्याच्यामुळे या गावाचं काउंटी सीट हे स्थान कायम झालं. विटा नदीकाठी हातानं तयार करण्यात आल्या.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कोणी?"

"ते नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "पण खाली अजून एक ओळ आहे. ही पाटी ज्यांच्या चिकाटीमुळं उभी राहिली त्यांच्या स्मरणार्थ. मग मिस्टर केंचं नाव. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अख्ख्या पाटीवर माणसाचं नाव तेवढं एकच आहे." गाडी फलाटावर येत होती. त्या आवाजात मला वाटलं फोन कटला. मग त्यांचा आवाज पुन्हा आला.

"अध्यक्षबाई रडल्या. सगळे फार गोड वागले," मिसेस ओपल म्हणाल्या. "आणि स्पेलिंग अगदी बरोबर आहे."